काखेतला कोंबडा

अंडी काढायला परसात गेलो की आमचा कोंबडा माझ्या पोटऱ्यांवर झेपावतो. दोनदा रक्त काढलंय त्याने. त्यामुळे हा निवृत्त मुख्याध्यापक हल्ली सूप आडवं धरून खुराड्यापर्यंत जातो.

आज अळूची पानं खुडायला आलेल्या शेजारच्या सुमतीताई ते सूप पाहून हसल्या. त्यांनी कोंबड्याला अलगद उचलून काखेत धरलं आणि दुसऱ्या हाताने पानं खुडत राहिल्या.

"थोडा वेळ धरून ठेवला की निवतो," त्या म्हणाल्या.

दोनदा फडफडून तो खरंच गप्प झाला. पिसं दबल्यावर केवढासा दिसत होता! आणि ज्यांच्यासाठी तो साऱ्या जगाशी भांडत होता, त्या कोंबड्या खुशाल माती उकरत होत्या. कुणी न सांगितलेली राखण करताना जीव किती दमत असेल! मीही घरभर तेच करतो. नळ टपकतोय, दिवा जळतोय, कडी लावलेली नाही, असा दिवसभर ओरडत फिरतो.

एवढ्यात मागच्या दारातून बायको म्हणाली, "ताई, त्याला सोडलंत की लगेच जाऊ नका. आमच्याकडे अजून एक आहे."