हिरव्या पिकरवरचा पांढरा डाग

तिप्पण्णा आमच्या शेडमधला जुना विणकर. अक्कलकोटकडचा, घरात कानडी, मागावर मराठी. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोकर मारून या टोकाहून त्या टोकाला पळवतो तो पिकर, मुठीएवढा ठोकळा. पूर्वी तो म्हशीच्या कातड्याचा असे. तिप्पण्णा तो तेलात मुरवायचा, मगच चढवायचा. कातडं थकलं की आवाज बसायचा, पापुद्रे सुटायचे. मरायच्या आधी सांगायचं.

पंचाहत्तर साली मालकानं हिरव्या प्लास्टिकचे पिकर आणले. दिवसभर ठोकरा खायचे, तरी ओरखडा नाही.

"ह्याला मरणच न्हाय की," तिप्पण्णा म्हणाला आणि तेलाचा डबा घरी घेऊन गेला.

पुढं धोट्याचं टोक आदळतं तिथं पांढरट डाग दिसायला लागला. शेडमध्ये सुताला लावलेली खळ उडून सगळ्यावर बसते, माणसांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. तिप्पण्णा फडक्यानं डाग पुसायचा आणि माग चालू करायचा. एका दुपारी पिकर उकलला. धोटा सुटला आणि शेजारच्या विरुपाक्षच्या कानाला वारा घालून भिंतीवर आदळला.

"निष्काळजी माणूस," मालक म्हणाला. "उद्यापासून ह्याला माग नाही."

मी युनियनचा. डोकं फिरलं. फुटका पिकर मालकाच्या टेबलावर आपटला.

"बघा! फट आतून काळी पडलीय. तेल, धूळ शिरलीय. ही शेवटची कड तेवढी ताजी. हा आज फुटला नाही, प्रत्येक ठोकरीला थोडा थोडा उलत आला. तुमचा माल वाईट, माणूस नाही!"

मालकानं पिकर उजेडात धरला. "म्हणजे पुढारी, फट जुनी होती आणि तुमचा माणूस माग हाकत होता. मी तरी वेगळं काय म्हणतोय?"

मी तोंड उघडायच्या आत तिप्पण्णाच बोलला. "व्हय मालक. पांढरं दिसत व्हतं. खळ वाटली. रोज पुसत व्हतो."

"अरे, गप्प बस!" मी त्याला दटावलं.

"कशाला गप? दिसत व्हतं ते दिसत व्हतं."

माग गेला. बायकांसोबत धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायचं काम मिळालं. मी आणखी भांडणार होतो. "सोडा की," तो म्हणाला, "लई दमलो."

बाहेर पडताना तो विरुपाक्षच्या मागापाशी थांबला आणि दांडा ओढून माग बंद केला. पिकरवरचा डाग नखानं खरवडला. निघाला नाही.

"विरुपाक्षा, ही खळ न्हाय, फट हाय. बदल हे."

"तुझा गेला म्हणून माझा बंद पाडतोस व्हय रे? सोड दांडा!"

तिप्पण्णानं सोडला नाही. विरुपाक्षनंही दांडा धरला. दोघंही थकलेले, ओढायचा जोर कुणातच नव्हता. माग बंद पडल्याचं ऐकून मालक दारात आला.

मी पुढं झालो आणि त्या दोघांच्या हातांवर हात ठेवला. "नवा पिकर येईपर्यंत हा माग बंद," मी म्हणालो.