शमीम आपांच्या भिंतीवरचा गुरुवार

चौसाळ्यातली शमीम आपांची बालवाडी मी बंद पाडली.

आज सकाळी आपा गेल्या. सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो हाय. फोटो ठेवायला मला तोंड न्हाई, म्हणून लिहितोय.

माझी गौरी चार वर्षांची असताना तिथं जायची. आपांच्या घराचीच पुढची खोली. पाटी न्हाई, एबीसीडी न्हाई.

रोज एका लेकराच्या घरचं मोठं माणूस आपलं काम घेऊन तासभर तिथं बसायचं. सोमवारी हनीफभाई मेकॅनिक नट-बोल्ट पसरायचे, पोरं जोड्या लावायची. मंगळवारी कुणाची तरी आजी शेंगा फोडायची. पोरं मधे हात घालायची, विचारून विचारून डोकं खायची.

आपांचं म्हणणं एवढंच, लेकराला आधी बोलू द्या. लिहिणं येतंच मागून.

गुरुवार माझा होता. मी लेडीज टेलर.

एकदाही गेलो न्हाई. कधी लग्नसराई, कधी लाईट न्हाई, दर वेळी नवी थाप.

खरं कारण आज सांगतो. मी चौथीत शाळा सोडली. लोकांच्या पोरांपुढं बसायची लाज वाटायची.

त्यात बीडच्या मेहुण्याची पोरगी आली आन् घडाघडा इंग्लिश कविता म्हणून गेली. आमची गौरी तिला विचारत होती, सुई टोचल्यावर कापडाला दुखत कावून न्हाई?

मेहुणा हसला. माझं डोकं फिरलं.

मग मीच घरोघर फिरलो. तिथं नुसता टाइमपास चाललाय म्हणून सगळ्यांना पटवलं. जूनमधी निम्मी पोरं व्हॅनमधी बसून इंग्लिश मीडियमला गेली. दिवाळीनंतर आपांनी बालवाडी बंद केली.

आपा भांडल्या न्हाईत. गौरीला काढायच्या आधी दुकानात येऊन एवढंच म्हणल्या, "पोरगी तुमची हाय भाऊ, खुशाल न्या. फक्त एक गुरुवार येऊन बसा, मग न्या."

मी हो म्हणून मान हलवली आन् मशीन चालवत राहिलो.

नव्या शाळेत काही विचारलं की गप बस म्हणायचे. महिनाभरात गौरी गप बसायला शिकली. आता नववीत हाय, मार्क चांगले पडतात. पण घरात हाय का न्हाई ते कळत न्हाई.

आज मयतीला गेलतो. त्याच खोलीत बसवलं आम्हाला.

भिंतीवर पाळ्यांची यादी असायची, ती सगळी रंगाखाली गेली. एक ओळ तेवढी शिल्लक. 'गुरुवार, गौरीचे पप्पा.'

मी बघतोय हे आपांच्या पोरानं, अन्वरनं बघितलं. म्हणला, "रंग देताना अम्मी तेवढी जागा सोडायला लावायच्या. म्हणायच्या, ते यायचे राहिलेत."

बाहेर आलो तर मला माझ्या चपला सापडेनात.

घरी येऊन गौरीला सगळं सांगितलं. भिंतीवरचं पण.

तिनं काहीच विचारलं न्हाई.

आपा, लई चुकलं माझं. मशीन उचलून आणायचं न्हवतं, नुसता सुईदोरा आणला असता तरी चाललं असतं तुम्हाला.

माफ करा. शांत झोपा आता.