एक खांदा वर

कुणी आजाराशी झुंज देऊन गेलं अशी बातमी पेपरात आली, की मी पेपराची घडी करून बाजूला ठेवते. सुनेला वाटतं, म्हातारीचे डोळे दुखायला लागले. डोळे काही दुखत नाहीत, मला त्या शब्दाचा राग येतो. झुंज देऊन गेला म्हणजे हरला, असंच ना? आणि जो वाचला त्याने काय आजाराला लोळवलं? हे बोलणं मला तरुणपणीच नकोसं झालं, आमच्या घरातल्या एका तापापायी. मी लिहायला उशिरा शिकले, तेव्हा कुठे घसरले तर सांभाळून घ्या.

आमचं गाव घनसावंगीच्या बाजूचं, गोदावरीच्या अलीकडचं. राज्य निजामाचं, आम्ही मोगलाईच म्हणत असू. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. माझे मालक गावातले पहिले पैलवान. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत, आणि आता घ्यायला गेले तरी जीभ अडखळते, म्हणून मालकच म्हणते. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला आमच्याकडे हगामा म्हणतात. आसपासचे सगळे हगामे त्यांनी मारलेले, आणि त्यांची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिलेली नव्हती. सासूबाई तर पाहुण्याला पाणी देतानाही सांगायच्या, "माझ्या लेकाची पाठ कुनी बघितली न्हाई." मला तेव्हा हसू यायचं. मी रोज विहिरीवर त्या पाठीवर पाणी ओतत होते.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका हगाम्याहून ते परतले ते कणकण घेऊनच. आधी सगळ्यांना वाटलं दगदग झाली. पण ताप उतरेना, दर दिवशी थोडा चढूनच राही, जीभ पांढरीफटक, पोट ताठ. शेवटी गड्याने गाडी जुंपली आणि अंबडहून डॉक्टरांना आणलं. ते हैदराबादकडचे, वयस्कर मुसलमान गृहस्थ. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि मला म्हणाले, "मियादी बुखार है बेटी. अंदर आँतों में जखम है. इनको लिटाके रखो, बिलकुल उठने मत दो. जोर पडा तो अंदर से खून जाएगा."

मियादी म्हणजे मुदतीचा ताप. तेव्हा त्याच्यावर औषध नव्हतंच. मुदत भरेपर्यंत माणसाला निजवून ठेवायचं, पातळ पेज पाजायची आणि वाट बघायची. मला वाटलं, एवढंच ना. निजवून ठेवायला काय लागतं?

तेच जमेना. मालक घोंगडीवर बसून राहत, पाठीमागे घराचा लाकडी खांब, त्या मेढीला टेकून. मान लोंबायची, डोळे मिटायचे, पण अंग खाली जायला लागलं की दचकून ताठ होत. मी म्हणाले, "अवं, जरा आडवं व्हा की. डॉक्टर काय म्हनले ते ऐकलं न्हाई का?"

"आडवं झालो म्हंजी संपलं," ते म्हणाले. "ह्यो ताप माझी पाठ टेकायचीच वाट बघून राह्यला."

आधी मला वाटलं, तापात बरळतात. पण सकाळी ताप थोडा हलका असताना, नजर स्वच्छ असतानाही तेच बोलणं. माणूस शुद्धीवर होता आणि खरंच तसं मानत होता.

मानेल नाही तर काय? गावात डॉक्टर एकही नव्हता, पण सल्ला देणारे घरटी दोन होते. दिवसभर ओसरीवर माणसांची रीघ. कुणी म्हणे, "पैलवान, दोन हात करा." कुणी म्हणे, "असले छप्पन ताप लोळवशील तू." एकाने तर खुराकाचे बदाम आणून दिले, ताकद कमी पडू नये म्हणून. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलणारे घरी जाऊन भाकरी खाऊन झोपत. इकडे त्यांचं बोलणं ऐकून मालकांना मूठभर मांस चढे, ते हाताच्या जोरावर आणखी ताठ बसत, आणि संध्याकाळी ताप भडकून दात वाजत. सासूबाई कौतुकाने बघायच्या आणि आत येऊन चुलीपुढे रडायच्या. मी त्यांना म्हणाले, "आत्याबाई, लोकांना येऊ देऊ नका." त्या म्हणाल्या, "धीर द्यायला येतेत गं. कसं न्हाई म्हनू?"

मला एक गोष्ट कळत नव्हती. त्याच्या आदल्या साली गावात देवी आल्या होत्या. तेव्हा कुणी कुणाला दोन हात कर म्हटलं नव्हतं. दाराला लिंबाचा डहाळा लावला, घरात मोठ्याने बोलणं बंद, देवीबाईंना राग येऊ नये म्हणून फोडणीसुद्धा बंद. पटकी आली तेव्हा सगळं गाव शिवारात राहायला गेलं होतं, मोठमोठे मिशीवाले पुढे होते. तिच्याशी कुणी लढल्याचं मला आठवत नाही. मग ह्या तापालाच का लोळवायचं? त्या देवी, ती पटकी आणि तो ताप, म्हणून की काय? बाई आली तर हात जोडायचे आणि बाप्या आला तर शड्डू ठोकायचा, असं काही तरी पुरुषांच्या डोक्यात असावं. हसण्यासारखंच आहे, पण मला तेव्हा हसू येत नव्हतं.

कारण परसाकडचं भांडं मी धूत होते. त्यांना बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून खापराचं भांडं ठेवलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते उजेडात नेऊन मी बघत असे. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला देवाच्या मूर्तीपेक्षा त्या भांड्याकडे जास्त बघावं लागलं. एका सकाळी त्यात डांबरासारखं काळं दिसलं. डॉक्टरांनी आतून खून जाईल म्हटलं होतं ते हेच, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी भांडं धुतलं, हात धुतले आणि कुणाला न विचारता डोक्यावर पदर घेऊन वस्तादांच्या घराकडे निघाले.

वस्ताद म्हणजे तालमीचे मुख्य. मालकांना लहानपणापासून त्यांनीच तयार केलेलं. मालक जगात दोघांचं ऐकत, एक मारुतीचं आणि एक वस्तादांचं, आणि मारुती बोलत नाही. बाईमाणसाने तालमीची पायरी चढायची नाही, म्हणून मी त्यांच्या घराच्या अंगणात उभी राहिले. ते आंघोळ करून धोतराचा काचा मारत बाहेर आले. मला बघून त्यांचं तोंड उतरलं. त्यांना वाटलं, मी वाईट बातमी घेऊन आले.

वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. तोंडातून निघालं ते भलतंच. मी विचारलं, "वस्ताद, एक खांदा मातीला लागला तर कुस्ती जाती का?"

काचा मारणारा त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "एक? न्हाई. दोन्ही लागाया पाह्यजेत. मंग चितपट."

"कुशीवर पडला तर?"

"कुशीवर पडलेला गडी खेळातच असतो. कामून विचारतीस?"

"मंग हे तुम्ही येऊन त्यांना सांगा," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. भांड्यातल्या काळ्याचं मी त्यांना सांगितलं. परक्या पुरुषाशी मी असलं कधी बोलले नव्हते.

वस्ताद तसेच, उघड्या अंगाने, माझ्या पुढे चालत आले. ओसरीवरची माणसं त्यांनी हाताने बाजूला केली. आत येऊन मालकांसमोर उकिडवे बसले, फडात बसतात तसे. मालक उठू लागले तर त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

"गड्या, पंच कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मंग पंचाचं ऐक. डाव्या कुशीवर हो. डावा खांदा खाली, उजवा वर. जवर उजवा वर हाय तवर कुस्ती चालू हाय. हालायचं न्हाई, जोर करायचा न्हाई. दम राखायचा."

मालक त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. फसवत तर नाहीत ना, हे शोधत होते बहुतेक. मग ते हळूहळू कलले. मी उशाला फडक्याचं गाठोडं दिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं डोकं खाली टेकलं. वस्ताद बाहेर जाऊन माणसांना म्हणाले, "फडात पंचाबिगर कुनी बोलत न्हाई. जल्दी घरी जावा." ओसरी रिकामी झाली. सासूबाईंनी बदाम उचलून फडताळात टाकले.

पण माझी काळजी संपली नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कुशीवरचा माणूस झोपेत कधी उताणा होईल सांगता येत नाही, आणि मालकांना तीच धास्ती. डोळा लागला की त्यांचा हात उजव्या खांद्याकडे जाई, वर आहे ना बघायला, आणि झोप मोडे. मी पाठीमागे गोधडीची वळकटी लावून ठेवली. तरी अंग वाळत चाललेलं, गालाची हाडं वर आलेली. भांडं मी बघतच होते. काळं पुन्हा दिसलं नाही, पण उद्या दिसेल ही भीती रोज नवी असायची. पेज पाजताना घोट सांडला की ते रागावत. रागावले की मला बरं वाटे.

एका दुपारी सासूबाई रानात गेल्या होत्या. मी चुलीपाशी होते. वळून बघते तर वळकटी सरकलेली आणि मालक उताणे. पाठ पूर्ण टेकलेली, दोन्ही खांदे भुईला, तोंड जरासं उघडं. मी जवळ जाऊन नाकापुढे हात धरला. श्वास चालू होता, संथ, गाढ झोपेतल्या माणसाचा. तसा श्वास मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. जागं करून कुशीवर वळवावं की काय, मला समजेना. मग बाहेर कुणाची तरी चाहूल लागली. मी उठून दार लोटलं आणि आतून कडी घातली. कुणी बघायला नको. कुणी बघितलंच नाही तर ती पाठ टेकली कुठे? जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "कुशीवरच व्हतो ना?" मी म्हणाले, "बराबर कुशीवर." माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि पेज मागितली.

मुदत भरली, ताप उतरला. काठी घेऊन का होईना, ते ओसरीवर आले. मग काय विचारता. पैलवानाने तापाला चितपट केलं, हे अंबडच्या बाजारापर्यंत गेलं. माणसांनी वाजतगाजत येऊन फेटा बांधला. काडी झालेल्या त्या मानेला फेटा पेलवत नव्हता. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

त्याच साली वस्तादांची थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण सुखरूप झालं आणि पुढे तिला तोच ताप आला. तिला निजवून ठेवलं होतं, पेजच दिली होती, अंबडचे तेच डॉक्टर येऊन गेले होते. आमच्या घरी केलं त्यातलं काही करायचं राहिलं नव्हतं. ती गेली. मुदत भरायच्या आत गेली.

सुतक फिटल्यावर वस्ताद आमच्याकडे आले. मी चहा ठेवला. ते मालकांसमोर बसले. लेक गेली त्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, असं गावात बोललं जात होतं. मग खाली बघत ते म्हणाले, "लोक म्हन्तेत, पैलवानानं ताप पाडला, पोरीला न्हाई जमलं. वस्तादाची लेक असून कच खाल्ली. तू त्याच्याशी खेळलास. खरं सांग मला, कुठं कमी पडली ती?"

मालक आता काय बोलतात, ह्याची मला धास्ती. ह्या माणसासमोर त्यांनी कधी हार सांगितली नव्हती.

"वस्ताद, मी पडलो व्हतो," ते म्हणाले. "उताना. दोन्ही खांदे टेकून. हिनं दार लावून घेतलं, तवा मी जागा झाल्तो. उठून कुशीवर व्हायची ताकद नव्हती, म्हनून तसाच पडून राह्यलो. मी काई खेळलो न्हाई. मी निजलो व्हतो, तीबी निजली व्हती. माझा उतरला, तिचा उतरला न्हाई. तिला कुनी हरली म्हनू नका."

वस्तादांनी पटक्याचं टोक तोंडावर धरलं आणि ते आमच्या ओसरीवर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, रडले.