शब्दाचे पक्के मामा

आमचे थोरले मामा शब्दाचे पक्के होते. हे मी म्हणत नाही, तेच म्हणायचे, उठता-बसता. चांदूर बाजारच्या चावडीवर मिशीला पीळ देत सांगायचे, "आपून एक डाव बोललो का बोललो!" जळलं मेलं ते बोलणं!

त्यांचा धाकटा भाऊ गोविंद जन्माचा मुका-बहिरा. आपल्यामागे याचं कसं होईल, हाच आजोबांना घोर. म्हणून जाण्याआधी त्यांनी पंच बोलावले, विहिरीचं वावर गोविंदमामाच्या वाट्याला ठेवलं आणि कसायला थोरल्या मामांच्या हाती दिलं. मामांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, "मी खाईन ते त्याले खाऊ घालीन, मी नेसीन ते त्याले नेसवीन." गोविंदमामाला कळावं म्हणून आजोबांनी मामांच्या धोतराला हात लावला आणि तोच हात त्याच्या खांद्यावर ठेवला. तो खुदकन हसला.

पुढे विलायतेत कापसाची ओरड झाली आणि वऱ्हाडात सोनं पिकायला लागलं. मामांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, मामांना रेशीमकाठी धोतरं आली. आणि गोविंदमामाला? मामांनी नेसून नेसून टाकलेली. जेवायलाही मामांच्या ताटात उरेल ते. वावर मात्र त्याचं, कापूसही त्याच वावरातला!

एकदा माझ्या आईला राहवलं नाही. "दादा, घरात कापसाचे ढीग अन् गोविंदाच्या अंगावर चिंध्या?"

"काहून वं बाई? मी नेसलो तेच नेसवून राहिलो ना त्याले? शब्द मोडला का मी?" वर हसलेही, निर्लज्ज. असला कोडगा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

कापसाचा भाव कोसळला त्याच साली पटकीने मामांना उचललं. पोरांनी कोरं कापड आणलं, ते गोविंदमामाने बाजूला सारलं. खुंटीवरचं आपलं ठिगळाचं धोतर काढून त्याने मामांवर पांघरलं, त्याला हात लावला आणि तो हात मामांच्या खांद्यावर ठेवला, अगदी आजोबांसारखा.

"काय माया आहे भावावर!" म्हणत बाया रडायला लागल्या. आई तेवढी तोंडाला पदर लावून हसत होती. मग पंचांकडे वळून म्हणाली, "फिटला दादाचा शब्द. आता वावर ज्याचं त्याले द्या."

पंचांना नाही म्हणता येईना. त्या पेरणीला गोविंदमामाने विहिरीच्या वावरात ज्वारी पेरली. सुगी झाली तेव्हा आपल्या ताटात त्याने आधी अख्खी भाकर वाढून घेतली.