भागीबाईंनी अडवलेलं पाणी

सुरगाण्याच्या डोंगरात नाशिकच्या लोकांना पायी फिरवून आणण्याचं काम भागीबाई तीन वर्षं करत होत्या. रानातली हरेक वाट त्यांची, असं गावात म्हणत. ते पूर्ण खरं नव्हतं. परतीची एकमेव वाट त्यांचे चुलत दीर चिमाजी यांच्या भातखाचरांच्या कडेने, ओहोळाला लागून जात असे. आणि चिमाजींनी बजावून ठेवलं होतं, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांध मोडला तर वाट बंद. वाट बंद म्हणजे भागीबाईंचं कामही बंद.

त्या रविवारी बारा जण आले होते. (गावात आता वीस सांगतात, होते बाराच.) दुपारी उतरताना पाऊस कोसळला, ओहोळ फुगला आणि कडेची वाट पाण्याखाली गेली. उरलं फक्त खाचर.

"बूट काढा अन् चिखलात उतरा."

"अहो बाई, एवढा छान बांध असताना?" बँकेतून निवृत्त झालेले दीपक सर म्हणाले.

"सकाळीच लिंपलाय. वला हाय. चिखलाला काय होत नाय."

मंडळी हसत-ओरडत गुडघाभर चिखलात उतरली. दीपक सरांना मात्र बुटांची माया सुटेना. सगळे पुढे गेलेले पाहून ते हळूच बांधावर चढले. चौथ्या पावलाला बांध खचला आणि रोपं लावण्यासाठी तुंबवलेलं पाणी खालच्या खाचराकडे धावलं.

भागीबाई मागे धावल्या आणि भगदाडात चक्क बसल्या. "माती आणा! बघता काय?"

नाशिककरांनी ओंजळीओंजळीने चिखल आणून त्यांच्याभोवती थापला. तेवढ्यात रोपांची जुडी आणि फावडं घेऊन चिमाजी आले.

"भागे, बांध कमी पडला म्हणून तू बसलीस व्हय?"

"चूक माझी, दादा. माणसं माझी हायत."

"पाय माझा होता, काका," दीपक सर पुटपुटले.

चिमाजींनी बूट निरखले. "बूट लय दणकट. बांधच कच्चा निघाला म्हणायचा." मग त्यांनी फावड्याने माती ओढून टाचेने दाबली. "ऊठ आता."

"वाटेचं सांगा, मग उठते."

चिमाजींनी खाचरावरून नजर फिरवली. पलीकडे त्यांची बायको चतुराबाई सकाळपासून एकटीच वाकून रोपं लावत होती.

"तिला दोन ओळी लावून द्या. वाट ऱ्हाईल."

भागीबाई उठल्या, लुगड्यातून चिखल निथळत होता आणि हसू आवरत नव्हतं. बारा जणांनी दोन ओळी लावल्या, नागमोडी. नाशिककरांची जीप वळणाआड जाताच चतुराबाईंनी त्या उपटून पुन्हा सरळ लावल्या, आणि पुढच्या रविवारी किती माणसं येणार, हे जावेला आधीच विचारून ठेवलं.