एडगरच्या दारातली गाडी

आमच्या समोरच्या एडगर थ्रेलफॉलने तीस वर्षं गावात बस चालवली. एवढ्या वर्षांत एकदाही दंड झाला नाही, हे त्याची बायको मॉरीन कौतुकाने सांगायची. पुढे तिची कंबर गेली आणि दहा पावलंही जड झाली. आमच्या रस्त्यावर गाडी लावायला दारासमोर जागा मिळणं नशिबाचा भाग. शेवटी एडगरने घरापुढची बाग उखडली, स्वतः विटा बसवल्या आणि गाडी थेट दारात आणून उभी केली.

नवव्या दिवशी नगरपालिकेचं पत्र आलं. तुमच्या घरासमोर फुटपाथची कडा गाडी जाण्यासाठी उतरती केलेली नाही. तिच्यावरून गाडी नेता येणार नाही.

तो कचेरीत गेला. सोबत मीही होते. खिडकीत फिलिपा नावाची तरुण मुलगी होती.

"गाडी आत उभी आहे, त्याला आमची हरकत नाही," ती म्हणाली. "जागा तुमचीच आहे."

"मग हरकत कशाला?"

"फुटपाथवरून न्यायला."

"अगं पोरी, मग बाहेर कशी काढू?"

"काढू नका." ती जरा घुटमळली. "म्हणजे, कडा उतरवायची परवानगी मिळेपर्यंत."

एडगरने पत्र पुन्हा वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली.

घरी मॉरीन म्हणाली, "जन्मभर लोकांना पोचवलंस, आणि स्वतःची गाडी कोंडून बसलास."

त्याने अर्ज केला. टेप घेऊन पिकर्सगिल नावाचा माणूस आला. घरापुढे चार मीटर ऐंशी जागा हवी. भरली चार पासष्ट.

"माझी गाडी साडेतीन मीटरची आहे," एडगर म्हणाला.

"आम्ही गाडी नाही मोजत, जागा मोजतो. उद्या मोठी घेतलीत तर?"

"नाही घेणार."

"घर विकलंत तर?"

अर्ज नामंजूर झाला.

सात आठवडे गाडी तिथेच. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी तो इंजिन चालू करून दहा मिनिटं स्टिअरिंगपाशी बसायचा. मॉरीनला डॉक्टरकडे टॅक्सीने न्यायचा. एकदा मी म्हटलं, "काढ की बाहेर. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," तो म्हणाला.

शेवटी मॉरीननेच फिलिपाला फोन केला. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी रस्त्यावर राखीव जागा देतात, हे तेव्हा कळलं. ती मंजूर झाली, मॉरीनच्या नावाने गाडीच्या काचेवर लावायचा परवाना आला, दारासमोर पांढऱ्या रेघा आल्या. गाडी एकदाच फुटपाथवरून बाहेर काढायची लेखी परवानगीही मिळाली. एका मंगळवारी एडगरने ती काचेवर चिकटवली, चाकांखाली फळ्या टाकल्या, मी जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवलं, आणि गाडी वीसएक फूट पुढे येऊन रस्त्यावर उभी राहिली.

त्याच दुपारी तो मॉरीनला डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आले तेव्हा मी दारातच होते. रेघांच्या आत दुसरीच गाडी. काचेवर मॉरीनसारखाच राखीव जागेचा परवाना.

"ही जागा आपली नाही का?" एडगरने काच खाली करून मला विचारलं.

"परवाना असलेल्या कुणाचीही," मी म्हटलं. फिलिपाने तसं सांगितलं होतं, पण त्याच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं.

तो त्या गाडीकडे पाहत राहिला, मग आतल्या रिकाम्या विटांकडे.

"म्हणजे तिथे आपली जागा आहे, पण जायचं नाही. इथे जायचं, पण आपली नाही."

"मला इथेच उतरव," मॉरीन म्हणाली, "आणि तू जा, शोध कुठेतरी."

हल्ली बहुतेक दिवस रेघांमधली ती जागा मोकळी मिळते.