‘सुटलो रे’ आणि अडकलेली वरात

नवरीचे मामा ट्रकच्या बोनेटवर चढले, तेव्हा मी मिक्सरवर होतो. मिक्सर म्हणजे बटणांची एक पसरट पाटी. कोणाचा आवाज किती मोठा, हे तिच्यावरून ठरवता येतं. वरातीत ती पाटी ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून ठेवायची आणि ऑपरेटरने तिच्यावर जवळजवळ झोपायचं, कारण खड्डे असतात. त्या दिवशी खड्ड्यांची भीती नव्हती. ट्रक बराच वेळ जागचा हललाच नव्हता.

मामा काहीतरी ओरडत होते. मला ऐकू येत नव्हतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मग हात जोडले. मग पुन्हा घड्याळ. समोरच्याला ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. मी आवाज वाढवला.

पण हे प्रकरण तिथं सुरू झालं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेत उधन्याला जयंतीभाईंकडे साउंड ऑपरेटर होतो. मूळचा धुळ्याकडचा. जयंतीभाईंचे दोन धंदे. खाली स्पीकर भाड्याने द्यायचे आणि वर, गोणपाट लावलेल्या खोलीत, कॅसेटी रेकॉर्ड करायच्या. भजनं, लग्नाची गाणी, गरबे. त्या खोलीत एक दिवस ‘थ्री फेज’ नावाचा रॉक बँड आला. चार पोरं होती. थ्री फेज म्हणजे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मोटारीला लागणारं वीजकनेक्शन. उधन्याच्या पोरांना त्याहून दणकट नाव सुचलं नसावं. गाणारा किशोर. त्याचे वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, लग्नसराई संपेपर्यंत काय ती गिटार वाजव, मग माझ्याबरोबर मिलला यायचं. कॅसेट निघाली तरच विषय बंद. किशोरचं सगळं त्या एका कॅसेटवर अडून होतं.

गाण्याचं नाव ‘सुटलो रे’, आणि ते फार जलद होतं. जलद म्हणजे किती जलद? वरातीच्या साध्या गाण्याचे ठोके माणसाच्या चालीने पडतात. पाऊल टाकलं की ठोका. ‘सुटलो रे’चे ठोके त्याच्या दुप्पट. कुत्रा मागे लागल्यावर माणसाचे पाय पडतील तसे. रेकॉर्डिंग मीच केलं होतं आणि मला गाणं आवडलं होतं, हे आधीच सांगतो.

जयंतीभाईंनी ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “सोनवणेभाई, आ गीत छे के मशीन?”

“गाणं आहे, सेठ.”

“खोलीत बसून मला काय समजणार? लाइव्हमां पब्लिक नाचशे?”

लाइव्ह म्हणजे लोकांसमोर, थेट. खोलीत चूक झाली तर टेप मागे घेता येते. लाइव्हमध्ये चूक पुढे जाते आणि परत येत नाही. सेठचा प्रश्न बरोबर होता. पण तेव्हाच्या सुरतेत रॉक बँडला लाइव्ह जागा कुठली? कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा वाजवलं होतं, तर अर्धे लोक चहाला गेले आणि उरलेल्यांसाठी प्रिन्सिपलनी मेन स्विच बंद केला.

“पब्लिक नाचली तर कॅसेट,” सेठ म्हणाले. “नहीं नाचली तर तुमचा पण टाइम वाचला, माझा पण.”

माझ्या शेजारी भिकनदादा राहायचे, लूमवर जॉबर. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम चालू करणारा मिस्त्री. त्यांच्या थोरल्याचं लग्न रविवारी होतं, गोरज मुहूर्तावर. वरातीचा साउंड आमचा होता. वाजवणारी बँजो पार्टी मात्र दोन ठिकाणची सुपारी घेऊन तिसऱ्याच ठिकाणी गेली होती. भिकनदादा डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, “दादा, पोरं आहेत. फुकट वाजवतील.” फुकट म्हटल्यावर पुढचं कोणी ऐकत नाही.

रविवारी उन्हं कलताना आम्ही निघालो. वरातीची मांडणी ठरलेली असते. सर्वात पुढे नाचणारे. त्यांच्या पाठीमागे साउंडचा ट्रक, त्यात थ्री फेज आणि मी. मग घोडीवर नवरदेव, सोबत करवली. त्या दिवशी सर्वात शेवटी जयंतीभाईंची फियाट होती, परीक्षक म्हणून. किशोरने देवाला नमस्कार केला, मला नमस्कार केला, गिटारलाही केला. ड्रमरने काठ्या आपटल्या आणि ‘सुटलो रे’ सुटलं.

पहिलं कडवं कोणीच हललं नाही. वऱ्हाडी एकमेकांकडे बघत होते. किशोरचा चेहरा उतरला. मग नवरदेवाच्या एका आत्याने पदर खोचला. बस्स. तिच्या मागोमाग सगळी गल्ली.

नाचणाऱ्यांना ते ठोके पायात घेताच येत नव्हते, म्हणून कोणी खांदे उडवत होतं, कोणी जागच्या जागी उड्या मारत होतं, एक काका नुसतेच थरथरत होते. पण नाचत सगळे होते. किशोरने माझ्याकडे बघितलं. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. जमलं होतं.

एकच अडचण होती. वरात पुढे जात नव्हती.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगतो. हळू गाण्यावर माणूस चालत चालत नाचतो. जलद गाण्यावर तो जागीच नाचतो. म्हणजे गाणं जितकं जलद, तितकी वरात मंद. बँजोवाले हे जाणून असतात. चौकात जलद गाणं, रस्त्याला हळू. आमच्या थ्री फेजकडे गाणं एकच. संपलं की “वन्स मोअर” आणि पुन्हा तेच.

त्यातच लूमची पाळी सुटली. दोन्ही बाजूंच्या शेडमधून कारागीर बाहेर पडले. दिवसभर खटखट ऐकलेली माणसं. त्यांना ते ठोके परके नव्हते. डबा काखेत धरून थेट नाचात घुसले. घरचे वऱ्हाडी दमून ओट्यांवर बसले आणि ज्यांना नवरदेवाचं नावही माहीत नव्हतं ते नाचत राहिले. ही माणसं आपली नाहीत म्हणून भिकनदादा ट्रकला लोंबकळून ओरडले, “सोनवणे भो, हाई पब्लिक मनी नही शे!”

याच वेळी वाडीवरून, म्हणजे लग्नाच्या हॉलवरून, नवरीचे मामा स्कूटरवर आले आणि बोनेटवर चढले. ते आधी सांगितलेलं आहेच. शेवटी मी हेडफोन काढला.

“मुहूर्त जवळ आलाय हो! गाणं बंद करा!”

मी मागे बघितलं. फियाटची काच वर होती. गाणं बंद केलं तर सेठला वाटणार, पडलं. किशोर गाता गाता मान हलवून नाही नाही म्हणत होता. आणि मला कल्पना सुचली.

नाचणारे स्पीकरसमोर नाचतात. स्पीकर जिथं, पब्लिक तिथं. मग ट्रक मागून कशाला ढकलायचा? पुढे काढायचा. पब्लिक आपोआप मागे येईल.

ड्रायव्हरला सांगितलं. स्पीकर मागच्या बाजूला फिरवले. त्याने हॉर्न देत गर्दीतून ट्रक पुढे काढला आणि रस्ता मोकळा मिळताच जरा दाबलाच. कल्पना शंभर टक्के बरोबर निघाली. अख्खी गर्दी ट्रकच्या मागे धावत सुटली. आत्या, काका, डबेवाले कारागीर, भिकनदादा, सगळे. धावताना मात्र ते ठोके पायात अगदी बरोबर बसत होते. किशोर हात वर करून गात होता. अशी वेगवान वरात उधन्याने पूर्वी पाहिली नसेल. वाडीच्या दारात आम्ही वाजतगाजत पोहोचलो, सुवासिनी ओवाळायला पुढे आल्या आणि तबक हातात धरून इकडेतिकडे बघू लागल्या.

“नवरदेव कोठे शे?” कोणीतरी विचारलं.

भिकनदादा धापा टाकत उभे होते. आधी गर्दीकडे बघून म्हणाले, “इतला लोकेसले जेवाले काय दिऊ?” मग प्रश्न डोक्यात शिरला आणि ते मटकन खाली बसले.

नवरदेव घोडीवर होता आणि घोडी मागे राहिली होती. वरातीची घोडी शिकवलेली असते. ठोका जलद झाला की ती जागी नाचते, ठोका चालीचा झाला की चालते. वाजणंच बंद झालं तर उभी राहते. तिला धावायचं कोणी शिकवलेलंच नव्हतं.

ट्रक परत न्यावा तर पब्लिकही परत जाणार, हे मला आता कळलं होतं. मामांनी किशोरला गिटारसकट स्कूटरवर मागे बसवलं. त्याच्यामागे उरलेल्या टिचभर जागेत मी. तिकडे वाडीत भटजींनी मुहूर्त सांभाळायला काय करावं? त्यांनी अंतरपाट धरायला लावला. एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला कोणी नाही, आणि मंगलाष्टकं सुरू. वऱ्हाडातल्या ज्या बायकांना फार लांबवतात म्हणून एरवी माइकजवळ फिरकू देत नाहीत, त्या सगळ्यांना त्या दिवशी आग्रहाने बोलावून गायला लावलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा रिकाम्या रस्त्यात घोडी उभी होती. वर मुंडावळ्यांतून घामाघूम नवरदेव. बाजूला करवली, रडवेली. मागे फियाट, तिला घोडीमुळे पुढे जाता आलं नव्हतं.

घोडीवाला म्हणाला, “बजाओ. आहिस्ता बजाओ, तो चलेगी.”

“मला हळू येत नाही,” किशोर म्हणाला. “एकच गाणं आहे.”

“तेच हळू म्हण ना रे बाबा,” मामा कळवळून म्हणाले.

किशोरने मान खाली घातली आणि ‘सुटलो रे’ निम्म्या चालीने सुरू केलं. ना ड्रम, ना स्पीकर. मी हाताने फियाटच्या बोनेटवर ठोका धरला. घोडीने कान टवकारले आणि पाऊल टाकलं. जलद गाताना, अगदी रेकॉर्डिंगच्या वेळीही, शब्द नीट कळलेच नव्हते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की गाणं घर सोडून निघालेल्या माणसाचं आहे. करवलीने डोळे पुसले. नवरदेवही गुणगुणायला लागला. गाणारा, घोडी, करवली, ठोका धरणारा मी आणि मागे कूर्मगतीने फियाट, अशी आमची वरात वाडीवर आली. आतून शेवटच्या बाईचं मंगलाष्टक ऐकू येत होतं. अंतरपाट अजून धरलेलाच होता. भटजींनी नवरदेवाला पाटावर उभं केलं, घड्याळ खिशात टाकलं आणि मुहूर्त साधला असं जाहीर केलं.

जयंतीभाई गाडीतून उतरले. किशोरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आने कहेवाय गीत! कॅसेट नक्की. पेलुं मशीनवाळुं नहीं, आ. हे हळूवालं.”

“सेठ, ते घोडीसाठी वाजवलं.”

“घोडी पण पब्लिकच छे ने!”

एवढा रस्ता त्याच्या जलद गाण्यावर नाचला होता आणि पुढे घोडी आणि ट्रक असल्याने सेठला मागून तो दिसलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण किशोरच बोलला. “दोन्ही काढा. नाहीतर एकही नको.”

सेठने वाडीच्या दाराकडे बघितलं. आत जेवायच्या पंगतीत ते अनोळखी कारागीर मांडी ठोकून बसले होते आणि ताटावर बोटांनी तेच जलद ठोके वाजवत होते. सेठ थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “ठीक छे. एक बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते.”

कॅसेट निघाली. किशोर मिलमध्ये गेला नाही. थ्री फेज मात्र रॉक बँड राहिला नाही, वरातीची पार्टी झाला. नवरदेवाच्या दारात जलद बाजू, रस्त्याला हळू. पुष्कळ वर्षांनी मी त्याला विचारलं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, “काका, रॉकवाल्यांना खुर्चीतले लोक उठवायला मरावं लागतं. माझ्यासमोर कोणी बसतच नाही.”

आजही कोणी नवा बँडवाला मला विचारतो की जलद गाणं लाइव्ह चालेल का. मी म्हणतो, चालेल, बिनधास्त वाजव. फक्त नवरदेवाला आणायला मागे कोण जाणार, हे आधी ठरवून ठेव.